वंशवृक्षाचा तक्ता: तीन धर्मांच्या ‘एकाच मुळा’चं प्रकरण

पार्श्वभूमी

रायगडच्या किनारपट्टीवरच्या एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या माडीवर आम्ही प्रौढांसाठी सहा रविवारांचा अभ्यासवर्ग घेतला. विषय होता यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांची समान मुळं. वर्गाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला आहे, पण प्राचीन पश्चिम आशिया हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हता. पुढे झालेल्या चुकीचं एक कारण तेच आहे, म्हणून ते आधीच सांगतो. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

हा विषय आमच्या भागाला परका नाही. अलिबाग, रेवदंडा, पनवेल या पट्ट्यात बेने इस्राएल हे यहुदी लोक शतकानुशतकं राहिले. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बहुतेक जण १९४८ नंतर इस्राएलला गेले, तरी काही घरं अजून आहेत. कोकणी मुसलमानांची वस्ती गावोगाव आहे. ख्रिस्ती कुटुंबं थोडी, पण आहेत. वर्गात तिन्ही धर्मांची माणसं आली, हिंदू आणि बौद्धही आले, आणि सगळे मराठीतच बोलले. एकाच पुरुषाला कुणी अब्राहाम म्हणत होतं, कुणी इब्राहीम.

पहिल्या रविवारसाठी मी एक मोठा वंशवृक्ष रंगवला. बुंध्याशी लिहिलं: ‘अब्राहाम, इ.स.पू. २०००’. वर दोन फांद्या, इसहाक आणि इश्माएल. इसहाकाच्या फांदीवर यहुदी धर्म, आणि त्यातून फुटलेला ख्रिस्ती धर्म. इश्माएलच्या फांदीच्या टोकाला इस्लाम, इ.स. ६१०. खाली ठळक अक्षरांत ‘तीन धर्म, एक मूळ’. आपण एकमेकांचे नातलग आहोत हे कळलं की माणसं जवळ येतात, असं मला मनापासून वाटत होतं. त्या तक्त्यासाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.

अडचण

पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत चार जण तक्त्यापाशी थांबले आणि चौघांनी चार वेगळ्या हरकती घेतल्या.

सत्तरी ओलांडलेल्या एक बेने इस्राएल काकू म्हणाल्या, “अहो सर, आमची रेघ इथंच कशी संपली? ख्रिस्ती धर्म फुटला तिथं तुम्ही आम्हाला थांबवलंत. मी तर अजून दर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावते.”

एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, ते कोकणी मुसलमान आहेत. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही इस्लामला शेंड्यावर बसवलंत, सगळ्यात उशिरा आलेला म्हणून. आमच्या समजुतीत इब्राहीम स्वतःच मुस्लिम होते. मुस्लिम म्हणजे अल्लाहला शरण गेलेला. इस्लाम त्यांच्या आधीपासून आहे.”

वसईहून येऊन इथं स्थायिक झालेल्या एक ख्रिस्ती परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं, “आमचं अब्राहामाशी नातं रक्ताचं नाहीच. प्रेषित पौलानं ते विश्वासाचं ठरवलं. मग वंशवृक्षात आम्ही बसतो कुठे?”

चौथा एक तरुण इंजिनिअर, विवेकवादी विचारांचा. त्यानं बोट बुंध्यावर ठेवलं. “सर, हे इ.स.पू. २००० कुठून आणलंत?”

पहिल्या तिघांना मी काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकलो असतो. चौथ्याला द्यायला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. तो आकडा मी एका जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेतून उतरवला होता आणि तिथं तो कुणी कशावरून लिहिला हे पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं मुलांना “साधन कोणतं?” असं विचारणाऱ्या माणसाला याची लाज वाटली.

आकडा कुठून येतो

त्या रात्री बायबल उघडून हिशेब मांडला. शलमोन राजानं जेरुसलेमला बांधलेल्या मंदिराचं काम अभ्यासक साधारण इ.स.पू. ९६६ च्या सुमारास धरतात. राजांच्या पहिल्या पुस्तकात मंदिराच्या ४८० वर्षं आधी मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएल लोकांची सुटका झाली असं आहे: १४४६. निर्गम या पुस्तकात मिसरातला मुक्काम ४३० वर्षांचा: १८७६. याकोब मिसरात गेला तेव्हा १३० वर्षांचा, इसहाकाला याकोब झाला साठाव्या वर्षी, अब्राहामाला इसहाक झाला शंभराव्या वर्षी. बेरीज केली की अब्राहामाचा जन्म इ.स.पू. २१६६ येतो. म्हणजे तक्त्यावरचा आकडा उत्खननातून आलेला नव्हता, कोरीव लेखातूनही नव्हता. ती ग्रंथातल्या आकड्यांची बेरीज होती. शिवाय ग्रंथाच्या सगळ्या प्रती तरी कुठे एकमतानं बोलतात? जुन्या ग्रीक भाषांतरात आणि शमरोनी लोकांच्या (यहुद्यांना जवळचा, पण वेगळा असलेला समाज) पाठात ती ४३० वर्षं मिसर आणि कनान दोन्हीकडची मिळून आहेत. तो पाठ धरला तर दोनशेहून अधिक वर्षं तिथंच कमी होतात.

मग पुढचं वाचायला घेतलं, आणि वाचत गेलो तसा बुंधा पोकळ लागायला लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम ऑलब्राइट यांच्यासारखे मोठे पुरातत्त्वज्ञ अब्राहाम, इसहाक, याकोब या कुलपित्यांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात ठेवत होते आणि मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवरच्या चालीरीतींशी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या गोष्टी जुळवत होते. १९७४ मध्ये थॉमस थॉम्पसन आणि १९७५ मध्ये जॉन व्हॅन सेटर्स यांनी ती जुळवाजुळव तपासली. त्या चालीरीती एकाच काळापुरत्या नव्हत्या, हजार वर्षांनंतरही तशाच आढळत होत्या, असं त्यांनी दाखवलं. तेव्हापासून अब्राहामाला ठरावीक शतकात बसवण्याचा प्रयत्न बहुतेक इतिहासकारांनी सोडला.

गोष्टींच्या आतही नंतरच्या काळाच्या खुणा आहेत. अब्राहामाचं गाव ‘खास्द्यांचं ऊर’, पण खास्दी लोक असुरी लेखांत येतात इ.स.पू. नवव्या शतकात. उत्पत्तीत पलिष्टी भेटतात, ते त्या किनाऱ्यावर आले इ.स.पू. बाराव्या शतकात. चौदाव्या अध्यायात अब्राहाम ‘दान’पर्यंत पाठलाग करतो, आणि त्या शहराला दान हे नाव शास्ते या पुस्तकात, कितीतरी पिढ्यांनंतर, मिळतं. उत्पत्तीत अब्राहामाकडे उंट आहेत, त्यांचं तर प्रसिद्धच आहे. आराबा खोऱ्यातल्या तांब्याच्या खाणींजवळच्या हाडांवर तेल अवीवच्या संशोधकांनी काम केलं आणि २०१४ मध्ये ते जाहीर झालं. त्या भागात माणसाळलेला उंट इ.स.पू. दहाव्या शतकाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात येतो.

इथं मी स्वतःला आवरलं. नंतरच्या काळाचे शब्द असल्यानं गोष्ट कधी लिहिली गेली हे कळतं. मागे कुणी पुरुष होता की नव्हता, हे त्यावरून कळत नाही. हा फरक मला समजला होता. तरी पुढच्याच आठवड्यात मी तो लिहिताना विसरलो, त्याबद्दल पुढे येईल.

समोरचे पर्याय

दुसऱ्या रविवारच्या आत ठरवायचं होतं. वर्ग चालवणाऱ्या आम्हा तिघांत बुधवारी बैठक झाली.

सर्वांत सोपं होतं तक्ता गुपचूप काढून ठेवणं. कुणी विचारलंही नसतं. पण चार माणसांनी उघडपणे विचारलेल्या प्रश्नांना ते गप्प बसवणं झालं असतं, म्हणून नाकारलं.

दुसरा पर्याय, तक्ता तसाच ठेवून खाली ‘श्रद्धेनुसार’ एवढं लिहायचं. सहकाऱ्यांपैकी एकाला हा फार पटला होता. मी विचारलं, कुणाच्या श्रद्धेनुसार? काकूंच्या की गुरुजींच्या? काकू, गुरुजी, परिचारिकाबाई, तिघांपैकी कुणीही तो तक्ता आपला म्हणायला तयार नव्हतं. खरं तर तो तक्ता कोणत्याच परंपरेचा नव्हता. ‘अब्राहमी धर्म’ हा शब्दप्रयोगच विसाव्या शतकात रुळला. कॅथलिक चर्चनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचं जे घोषणापत्र काढलं, त्यातही शब्द जपून वापरले आहेत: इस्लाम अब्राहामाशी आपलं नातं आवडीनं जोडतो, एवढंच तिथं म्हटलं आहे. तिघांचा बाप एक, ही सलोख्याची भाषा आहे. सलोखा मला हवाच आहे, पण म्हणून ती इतिहासाची भाषा होत नाही.

तिसरा पर्याय तीन वेगळे तक्ते, ज्याचा त्यानं काढलेला. यात न्याय होता. पण मग इंजिनिअरचा प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा पर्याय, भिंतीवर फक्त तेच लावायचं ज्याची वस्तू किंवा हस्तलिखित दाखवता येतं, आणि अब्राहामाच्या गोष्टी तिन्ही ग्रंथांतून शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. काम दुप्पट होतं आणि वेळ चार दिवसांचा. आम्ही हा घेतला.

काय केलं

भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काथ्याची दोरी बांधली आणि तिला पुठ्ठ्याची कार्डं लावली. प्रत्येक कार्डावर वस्तू कोणती, कुठे सापडली आणि किती जुनी, एवढंच. तक्ता शेजारच्या भिंतीवर राहू दिला, फक्त बुंध्याच्या आकड्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

दोरीच्या सुरुवातीला मेर्नेप्ताह या मिसरी राजाचा शिलालेख आला, साधारण इ.स.पू. १२०८ चा, १८९६ मध्ये थेब्सला सापडलेला. ‘इस्राएल’ हे नाव त्यात एका लोकसमूहासाठी येतं. त्याआधीचा निर्विवाद उल्लेख नाही, म्हणून दोरी तिथून सुरू केली. मग सिनायच्या वाळवंटातलं कुंतिलेत अजरुद, इ.स.पू. ८०० च्या आसपासचं. तिथल्या रांजणांवर ‘शमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावानं आशीर्वाद लिहिले आहेत. यहोवा हे इस्राएलच्या देवाचं नाव. अशेरा हे कनानी देवीचं नाव आहे. इथं ते देवीसाठी आहे की तिच्या पवित्र खांबासाठी, यावर वाद आहे. पण एकच देव, दुसरा कुणी नाही, ही भूमिका या लोकांत एका दिवसात आली नाही, एवढं तरी त्यावरून नक्की दिसतं.

पुढचं कार्ड नाइलमधल्या एलिफंटाइन बेटाचं. (समोरच्या घारापुरीच्या एलिफंटाशी घोटाळा झालाच, म्हणून कार्डावर तसं लिहावं लागलं.) इ.स.पू. पाचव्या शतकात तिथं पर्शियन राज्याच्या चाकरीत यहुदी शिपाई राहत होते. त्यांचं स्वतःचं यहो देवाचं मंदिर होतं. ते ४१० मध्ये पाडलं गेलं आणि ४०७ मध्ये त्यांनी यहुदा प्रांताच्या सुभेदाराला पत्र लिहून ते पुन्हा बांधायला मदत मागितली. देणग्यांच्या यादीत यहोबरोबर अनात-बेथेल या देवतेसाठीही रक्कम आहे. त्या सगळ्या कागदपत्रांत अब्राहाम नाही, मोशेही नाही. ही माणसं यहुदी होती याबद्दल त्यांना स्वतःला काही शंका नव्हती. काकू त्या कार्डासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

नंतर म्हणाल्या, “मुळाचा दाखला आमच्याकडेही मागितला होता, सर.” १९६० नंतरच्या वर्षांत इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या लग्नांआधी आई-आजीपर्यंतचं यहुदीपण तपासावं, असा आग्रह तिथल्या धर्मपीठानं धरला होता. लोकांनी धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं मान्य केलं. काकूंच्या नात्यातल्या एकीचं लग्न त्या काळात अडलं होतं. मूळ कुठलं, हा प्रश्न अभ्यासकाला कागदावरचा वाटतो. काकूंच्या घरात तो लग्नमंडपात विचारला गेला होता. त्या रविवारी मी ठरवलेलं निम्मंही शिकवलं नाही, आणि ते योग्यच झालं.

काकूंच्या पहिल्या हरकतीचं उत्तर दोरीवरच मिळालं. रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पाडलं. बळी, याजक, यात्रा, सगळं थांबलं. आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो, तो रब्बींचा, सभागृहातल्या प्रार्थनेचा आणि ग्रंथचर्चेचा धर्म, त्यानंतर आकाराला आला. त्याचा पायाभूत ग्रंथ मिश्ना साधारण इ.स. २०० चा. नव्या करारातली पौलाची पत्रं इ.स. ५० च्या दशकातली. म्हणजे ख्रिस्ती लेखन मिश्नापेक्षा जुनं. एक आई आणि एक लेक असं हे नातं नाही. पडलेल्या एकाच घरातून दोन बहिणी बाहेर पडल्या आणि दोघींनी आपापलं घर बांधलं, असं अनेक अभ्यासक आज मांडतात. माझ्या तक्त्यानं काकूंच्या धर्माला आई ठरवून भूतकाळात ढकललं होतं.

दुसरा पेच

तिसऱ्या रविवारी तो इंजिनिअर स्वतःचा तक्ता घेऊन आला. मेहनत घेतलेली दिसत होती. शीर्षक: ‘सगळं चोरलेलं’. महापूर बाबिलोनहून, कायदे बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्याकडून, एकेश्वरवाद मिसरचा राजा अखेनातेन याच्याकडून, सैतान आणि पुनरुत्थान पारशांकडून. मला मोह झाला. माझ्या कोसळलेल्या तक्त्यापेक्षा हा जास्त चकचकीत होता, आणि वर्गातल्या निम्म्या लोकांना तो लगेच आवडला.

पण जी चाळणी अब्राहामाला लावली तीच इथंही लावायला हवी, असं मी म्हटलं, आणि तो तयार झाला. त्याच्याबद्दल मला आदर वाटला तो यासाठी. आम्ही एकेक ओळ घेतली.

महापुराची ओळ टिकली. जॉर्ज स्मिथ यांनी ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये गिल्गमेश या मेसोपोटेमियातल्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीचं वाचन जाहीर केलं. त्यातला नायक कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडतो. बायबलमधला नोहा डोमकावळा सोडतो आणि मग कबुतर. हे आपोआप जुळलेलं नाही. कायद्याची ओळही बरीच टिकली, पण थोडी हलली. सर्वांत जवळचं साम्य हम्मुराबीपेक्षा एश्नुन्ना नगराच्या त्याहून जुन्या नियमांत मिळतं: एकाच्या बैलानं दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेला बैल दोघांनी वाटून घ्यायचा. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात हाच निवाडा आहे. शेजारच्या लोकांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला कायदा असा दिसतो. याला चोरी म्हणायचं तर आपल्या गावच्या सगळ्या पंचांना चोर म्हणावं लागेल, असं गुरुजी म्हणाले, आणि ‘चोरलेलं’ हा शब्द तिथं गळाला.

अखेनातेनची ओळ पडली. त्याची सूर्यपूजा इ.स.पू. चौदाव्या शतकातली, त्याच्यानंतर मिसरनंच ती पुसली. बायबलमधल्या एका स्तोत्राशी साम्य दाखवता येतं, पण मधल्या शतकांचा दुवा कुणाला दाखवता आलेला नाही. पारशांची ओळ अर्धी राहिली. यहुदी इ.स.पू. ५३९ पासून दोन शतकं पर्शियन राज्यात होते, हिब्रूतला बागेसाठीचा ‘पर्देस’ हा शब्द इराणी आहे, आणि मेलेल्यांच्या उठण्याचा स्पष्ट उल्लेख बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, येतो. मात्र पारशांची सविस्तर वर्णनं ज्या पहलवी (जुन्या इराणी भाषेतल्या) ग्रंथांत आहेत ते इ.स. नवव्या शतकाच्या आसपास संकलित झाले. कोणी कोणाकडून किती घेतलं, हे आज ठामपणे म्हणता येत नाही. कार्डावर ‘शक्य’ एवढंच लिहिलं.

इंजिनिअरनं वगळलेली एक गोष्ट मला त्याच्या सगळ्या तक्त्यापेक्षा महत्त्वाची वाटते. ती बायबलच्या आतच आहे. निर्गमाच्या सहाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो की अब्राहाम, इसहाक आणि याकोब मला ‘एल शद्दाय’ म्हणून ओळखत होते, यहोवा या नावानं नव्हे. एल हा सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन नगराच्या पाट्यांवरचा कनानी देवसभेचा प्रमुख. ‘इस्राएल’ आणि ‘इश्माएल’ ही दोन्ही नावं एलवर संपतात. मुळाजवळ दोन प्रवाह मिसळले होते, याची आठवण ग्रंथानं स्वतःच जपून ठेवली आहे.

मुलाच्या बळीचा रविवार

चौथ्या रविवारी आम्ही एकच गोष्ट तिन्ही ग्रंथांतून वाचली: बापानं मुलाला बळी द्यायला नेलं ती. हा वर्गाचा सर्वांत चांगला दिवस होता.

काकूंनी उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचला. त्यांच्याकडे तो रोश हाशाना या नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात वाचतात. परिचारिकाबाई म्हणाल्या, आमच्याकडे तो ईस्टरच्या आदल्या रात्री वाचतात. गुरुजींनी सदतिसाव्या सूरहमधल्या आयती आधी अरबीत म्हटल्या आणि मग मराठीत अर्थ सांगितला. वाचून झाल्यावर ते थोडं थांबले. “इथं मुलाचं नाव नाही,” ते म्हणाले. “आम्ही इस्माईल म्हणतो, बकरी ईदला तेच सांगतो. पण आयतीत नाव नाही.” मग त्यांनीच सांगितलं की सुरुवातीच्या शतकांत मुस्लिम विद्वानांत यावर मतभेद होते. इ.स. ९२३ मध्ये वारलेल्या तबरींनी इसहाकाच्या बाजूनं कौल दिला, तर चौदाव्या शतकात इब्न कथीर इस्माईलवर ठाम होते. हे त्यांना कित्येक वर्षं माहीत होतं. मशिदीबाहेर चारचौघांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

मग जागेचा प्रश्न निघाला. उत्पत्तीत बळीची जागा मोरिया म्हटली आहे. इतिवृत्ताच्या दुसऱ्या पुस्तकात मोरिया म्हणजे जेरुसलेमची मंदिराची टेकडी. शमरोनी लोक गरिज्जीम डोंगर म्हणतात. मुसलमान मक्केजवळचं मिना म्हणतात. आणि शमरोनी हा शब्द आला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण ‘तीन धर्म’ म्हणतोय, पण हे चौथे लोक आजही आहेत, थोडेच असले तरी.

त्यानंतर मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. पौल रोमकरांस लिहितो: सुंता होण्याच्या आधीच अब्राहामाचा विश्वास देवानं मान्य केला, म्हणून सुंता न झालेल्यांचाही तो बाप. मिश्नामध्ये रब्बी म्हणतात: नियमशास्त्र मिळण्याच्या आधीच अब्राहामानं ते सगळं पाळलं. कुरआनाच्या तिसऱ्या सूरहमध्ये येतं: तौरात (मोशेचा ग्रंथ) आणि इंजील (येशूचा ग्रंथ) तर इब्राहीमच्या नंतर उतरले, मग तो यहुदी किंवा ख्रिस्ती कसा असेल? तिघांनीही तो ‘आधीचा’ आहे एवढ्याच गोष्टीवर आपला दावा उभा केला आहे. आधीचा असल्यामुळे तो कुणाचाच नव्हता आणि म्हणूनच प्रत्येकाला आपला म्हणता आला. माझ्या तक्त्यावर बाण खालून वर, पूर्वजाकडून वंशजाकडे जात होते. फळ्यावरचे तिन्ही बाण उलट दिशेनं गेले.

अरबांचं इश्माएलशी नातं हेही असंच जोडलं गेलं. मक्केचं नाव उत्पत्तीत नाही. पण अरब हे इश्माएलचे वंशज आणि म्हणून ते तेराव्या वर्षी सुंता करतात, असं जोसेफस हा यहुदी इतिहासकार इ.स. पहिल्या शतकात लिहून गेला आहे, इस्लामच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी. पाचव्या शतकातला ख्रिस्ती लेखक सोझोमेनही तेच सांगतो. येमेनच्या हिम्यर राज्यात इ.स. ३८० च्या सुमारापासून राजे जुन्या देवांची नावं सोडून ‘रहमानान’ या एकाच स्वर्गस्वामीला आळवतात. पैगंबरांच्या आधीचा अरबस्तान या गोष्टींनी भरलेला होता. काही जण यावरून कुरआन म्हणजे इकडून तिकडून उचललेलं, असं म्हणतात. मला ते उथळ वाटतं. पाचव्या सूरहमध्ये एका जिवाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं, हे वचन येतं. ते मिश्नातही आहे, आणि कुरआन ‘आम्ही बनी इस्राईलांना हे फर्मावलं’ असं उघड सांगूनच ते देतो. ऐकणाऱ्यांना संदर्भ माहीत आहे असं धरून चाललेलं ते बोलणं आहे.

परिणाम

सगळं गोड झालं नाही. दुसऱ्या रविवारच्या घाईत मी एका कार्डावर लिहिलं होतं: ‘अब्राहाम ही ऐतिहासिक व्यक्ती नाही’. गुरुजींचे एक स्नेही ते वाचून उठून गेले आणि परत आले नाहीत. एक ख्रिस्ती जोडपंही पुढच्या वेळी आलं नाही. गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पुरावा नाही असं म्हणताय की माणूस नव्हता असं म्हणताय?” मी त्याच संध्याकाळी कार्ड बदललं: ‘अब्राहामाचा त्याच्या काळातला, बायबलबाहेरचा कोणताही पुरावा सापडलेला नाही’. पण गेलेली माणसं पहिलं वाक्य घेऊन गेली होती.

दोरीच्या शेवटच्या कार्डावरून उलट दिशेचा प्रश्न आला. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या कुरआन पानांच्या चामड्याचा काळ इ.स. ५६८ ते ६४५ असा निघाला आहे. गुरुजींना त्याचा आनंद झाला. ही तारीख कातड्याची आहे, शाईची नव्हे, हे मला सांगावं लागलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. उत्पत्तीच्या हाती असलेल्या सर्वांत जुन्या प्रती १९४७ पासून मृत समुद्राकाठी सापडत गेलेल्या गुंडाळ्यांतल्या आहेत, म्हणजे गोष्टीतल्या काळाहून कितीतरी अलीकडच्या, हेही त्याच दमात सांगितलं.

काकू, गुरुजी आणि परिचारिकाबाई सहाही रविवार आले. इंजिनिअरनं शेवटच्या दिवशी स्वतःचा तक्ता दुरुस्त करून आणला. शीर्षक खोडून त्यानं ‘घेतलेलं, दिलेलं, माहीत नसलेलं’ असे तीन रकाने केले होते. तिसरा रकाना सर्वांत लांब होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, वाक्यरचना. ‘पुरावा नाही’ आणि ‘नव्हता’ यांतला फरक मला माहीत असूनही घाईत सुटला, आणि त्यामुळे तीन माणसं दुरावली. पुढच्या वेळी प्रत्येक कार्ड भिंतीवर जाण्याआधी त्या त्या परंपरेतल्या एकाला आणि एका संशयवाद्याला दाखवीन. मजकूर त्यांच्या मर्जीनं बदलायचा नाही, पण चुकीचा शब्द त्यांच्याच नजरेला आधी दिसतो.

दुसरी, काकूंचा १९६४ चा अनुभव योगायोगानं पुढे आला. तो पहिल्याच दिवशी ऐकायला हवा होता. मूळ विचारणं म्हणजे काय असतं, हे मला सगळी पुस्तकं वाचूनही त्यांच्याइतकं कळलं नव्हतं.

तिसरीबद्दल अजून मनाचा निर्णय होत नाही. बळीच्या गोष्टीचा रविवार सर्वांत आधी घ्यावा का? तो आधी घेतला असता तर बुंध्याचा प्रश्न इतका बोचला नसता असं सहकारी म्हणतात. मला भीती वाटते की मग इंजिनिअरचा प्रश्न त्या जिव्हाळ्यात विरून गेला असता, आणि त्या प्रश्नावाचून आम्ही यातलं काहीच वाचलं नसतं.

तक्ता मी फाडलेला नाही. पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर आहे. पहिल्या रविवारी तो भिंतीवर असेल, प्रत्येकाला एक पेन्सिल मिळेल, आणि प्रत्येक रेघेशेजारी ती कुणी, कधी आणि कशावरून ओढली हे लिहायला अर्धा तास.